कमी तारांत जास्त आउटपुट : छोट्या पीएलसीचा स्वस्त विस्तार

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या लघुउद्योगांत सुटे भाग धुण्याची, भोके पाडण्याची किंवा मोजून भरण्याची जी छोटी यंत्रे तयार होतात, त्यांच्या पॅनलमध्ये बहुधा ८ इनपुट आणि ६ आउटपुट असलेला एखादा लहान पीएलसी, म्हणजे यंत्राचे टप्पे ठरल्याप्रमाणे चालवणारा छोटा संगणक, बसवलेला असतो. इनपुटवर यंत्राकडून खुणा येतात आणि आउटपुटवरून दिवे, मोटरी वगैरे चालू-बंद होतात. यंत्राचा आराखडा ठरतो तेव्हा सहा आउटपुट पुरेसे असतात. पण चाचणीच्या दिवशी ग्राहक तीन रंगांचा टॉवर लॅम्प मागतो, मग बझर मागतो, आणि शेवटी हवेच्या सिलिंडरसाठी आणखी एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघड-मीट होणारी झडप) वाढतो. त्याच उत्पादकाचे आउटपुट वाढवणारे एक्सपान्शन मॉड्यूल घ्यावे, हे पहिले आणि सरळ उत्तर आहे, आणि जिथे ते परवडते तिथे दुसरा विचार करू नये. मात्र काही लहान पीएलसींना असे मॉड्यूल जोडण्याची सोयच नसते, तर काहींच्या बाबतीत त्याची किंमत मूळ पीएलसीच्या जवळपास जाते. अशा वेळी प्रश्न उरतो तो माहितीचा : सहा तारांमधून सहापेक्षा जास्त गोष्टी कशा सांगायच्या?

याचे एक उत्तर प्रत्येक पॅनलवाल्याच्या रोजच्या वापरात आहे. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला आठ निरनिराळे वेग सांगण्यासाठी आठ तारा लागत नाहीत. तीनच पुरतात, कारण तीन तारा चालू-बंद करण्याच्या एकूण ८ जुळण्या होतात. हेच तत्त्व चार तारांना लावले तर १६ जुळण्या मिळतात आणि डीकोडर चिप त्या ओळखून १६ पैकी नेमके एक आउटपुट चालू करते. मर्यादा ‘नेमके एक’ या शब्दांतच आहे. यंत्र कोणत्या टप्प्यावर आहे हे दाखवणाऱ्या दिव्यांच्या ओळीसाठी ही रचना उत्तम. पण पंप आणि व्हॉल्व्ह एकाच वेळी चालू ठेवायचे असतील, तर तिचा उपयोग नाही.

हवे तितके आउटपुट हव्या त्या जुळणीत चालू ठेवायचे असतील, तर तारांऐवजी वेळ खर्च करावा लागतो. शिफ्ट रजिस्टर नावाची चिप हाच व्यवहार करते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत थोडक्या रुपयांत मिळणारी ७४एचसी५९५ ही तिची सर्वांत परिचित जात. पीएलसीकडून तिला तीनच तारा जातात : एक माहितीची, एक क्लॉकची आणि एक लॅचची. स्लॅब ओतताना घमेली जशी हातोहात पुढे सरकतात, तशी क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला चालू किंवा बंद ही एकेक खूण चिपमधील आठ घरांतून एक घर पुढे सरकते. आठही घरे भरली की लॅचचा एक ठोका द्यायचा. तेव्हा आठही पाय एकदम नवी स्थिती धारण करतात, त्यामुळे भरणे चालू असतानाची अर्धवट स्थिती बाहेर दिसत नाही. दोन चिप एकामागे एक जोडल्या की १६ आउटपुट होतात आणि तारा तीनच राहतात.

प्रत्यक्षात मधे काही सुटे भाग लागतातच. पीएलसीचे आउटपुट २४ व्होल्टचे, तर ही चिप जास्तीत जास्त ६ व्होल्टपर्यंत काम करणारी. म्हणून तिन्ही तारांत ऑप्टोकप्लर, म्हणजे आतल्या छोट्या दिव्याच्या प्रकाशाने खूण पुढे पोहोचवणारा भाग, घालून विद्युत विलगता राखावी. त्याच्या दिव्याला २.२ किलोओहमचा रेझिस्टर जोडला की सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो आणि तो पुरेसा असतो. चिपच्या पायांवरून रिलेची (कॉइलच्या चुंबकाने संपर्क जोडणाऱ्या स्विचची) कॉइल थेट चालवता येत नाही, त्यामुळे पुढे यूएलएन२८०३ ही आठ वाहिन्यांची ड्रायव्हर चिप लागते. कॉइल बंद होताना उसळणारा उलटा व्होल्टेज शोषणारे डायोड तिच्यातच असतात, पण त्यांचा सामाईक पाय कॉइलच्या पुरवठ्याला जोडला तरच ते काम करतात. ही एक तार अनेकदा राहून जाते.

आता वेळेचा हिशेब पाहू. पीएलसी सामान्यतः प्रत्येक स्कॅनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीच्या, शेवटी एकदाच आउटपुट बदलतो. एका स्कॅनमध्ये माहिती मांडून क्लॉक खाली ठेवायचा आणि पुढच्या स्कॅनमध्ये तो वर करायचा, म्हणजे एका खुणेला दोन स्कॅन लागतात. स्कॅन ५ मिलिसेकंदांचा धरला तर १६ खुणांना ३२ स्कॅन, लॅचसाठी आणखी दोन, असे सुमारे १७० मिलिसेकंद होतात. दिवा, बझर किंवा पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) यांना एवढा उशीर चालतो. नेमक्या क्षणी पाते खाली आणणाऱ्या व्हॉल्व्हला चालत नाही. असे घाईचे आउटपुट पीएलसीच्या मूळ सहांपैकी एकावर ठेवावेत आणि निवांत कामे विस्तारावर पाठवावीत.

या युक्तीसाठी पीएलसी रिले आउटपुटचा नव्हे, तर हलता संपर्क नसलेल्या ट्रान्झिस्टर आउटपुटचाच हवा, यावर माझा ठाम भर आहे. रिलेचा संपर्क जुळताना काही क्षण थडथडतो आणि चिप त्या एका ठोक्याचे अनेक ठोके मोजते. शिवाय लहान रिलेचे यांत्रिक आयुष्य साधारण १ कोटी वेळा चालू-बंद होण्याचे असते. दर सेकंदाला १६ खुणा पाठवल्या, तर क्लॉकच्या रिलेचे हे आयुष्य सव्वासहा लाख सेकंदांत, म्हणजे सात दिवसांहून थोड्याच अधिक काळात संपते.

पीएलसीला आरएस-४८५ पोर्ट (जोडतारेवरून संदेश पाठवण्याची जोडणी) असेल, तर मी सोल्डरिंगच्या वाटेला न जाता मॉडबस या संदेशांच्या भाषेवर चालणारा तयार रिले बोर्ड निवडेन. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये रिलेंनी भरलेल्या पॅनलना पर्याय मागितला, त्यातून सुरुवातीच्या पीएलसींपैकी एक घडवणारी मॉडिकॉन कंपनी पुढे आली. तिनेच १९७९ मध्ये मॉडबसची भाषा प्रसिद्ध केली. ती खुली असल्यामुळे पीएलसी एका उत्पादकाचा आणि बोर्ड दुसऱ्याचा असला तरी दोघांचे जमते. १६ रिलेंची स्थिती बदलणारा संदेश ११ बाइटचा आणि त्याची पोच ८ बाइटची असते. ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिटांच्या) वेगाने हा संवाद मधली शांतता धरून सुमारे ३० मिलिसेकंदांत पूर्ण होतो. संदेशाच्या शेवटी तपासणीची १६ बिटे असल्याने वाटेत बिघडलेला संदेश बोर्ड मानत नाही. शिफ्ट रजिस्टरजवळ अशी पडताळणी नसते, आणि वेल्डिंग यंत्राशेजारच्या पॅनलमध्ये हा फरक फार मोलाचा ठरतो. पीळ दिलेली जोडतार, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आणि ड्राइव्हच्या मोटर केबलपासून अंतर, एवढी काळजी घेतली तर ही जोडणी भरवशाने चालते.

दोन्ही मार्गांत दोन क्षण जोखमीचे असतात. वीज आल्याबरोबर शिफ्ट रजिस्टरच्या पायांवर कोणतीही स्थिती असू शकते, म्हणून तिचा ‘आउटपुट एनेबल’ पाय रेझिस्टरने ५ व्होल्टकडे ओढून आउटपुट बंद ठेवावेत आणि पहिली माहिती भरल्यानंतरच ते खुले करावेत. मॉडबसची तार तुटली, तर अनेक बोर्ड शेवटची स्थिती तशीच धरून ठेवतात. ठरावीक काळ संदेश न आल्यास सर्व रिले सोडण्याची सोय बोर्डात आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे आणि यंत्र रिकामे चालवत असताना तार उपसून तपासावे. आणीबाणीच्या थांब्याचे बटण यांपैकी कशावरही अवलंबून ठेवू नये; त्याने सुरक्षा रिलेमार्फत व्हॉल्व्ह आणि कॉन्टॅक्टर यांचा पुरवठा थेट तोडला पाहिजे. पुरवठा तुटल्यावर एका कॉइलचा, स्प्रिंगने परतणारा व्हॉल्व्ह मूळ जागी येतो, तर दोन कॉइलचा व्हॉल्व्ह शेवटच्या जागीच राहतो. म्हणून जॉब पकडून ठेवणाऱ्या सिलिंडरला दुसरा आणि हाताजवळ हलणाऱ्या सिलिंडरला बहुधा पहिला योग्य ठरतो.