डीव्हीडी रेकॉर्डिंग मोड

कोऱ्या डिस्कवर किती तासांचा व्हिडिओ बसवायचा आणि त्यापायी चित्र किती बिघडू द्यायचं, हे डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये (टीव्ही किंवा टेपवरचं चित्र डिस्कवर उतरवणारं मशीन) आधीच ठरवून ठेवलेलं गणित म्हणजे रेकॉर्डिंग मोड. एक्सपी १ तास, एसपी २, एलपी ४ आणि ईपी (काही कंपन्या एसएलपी म्हणतात) ६ तास, काही मशीनवर ८ सुद्धा. हे आकडे ४.७ जीबीच्या साध्या, एका थराच्या डिस्कचे. एसपी, एलपी, ईपी ही नावं व्हीएचएसवरून (जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून) उचललीत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण व्हीसीआरमध्ये एलपी म्हणजे टेपच हळू सरकायची, इथे फक्त दर सेकंदाला किती बिट खर्चायचे तेवढं बदलतं.

४.७ जीबी म्हणजे साधारण ३७.६ अब्ज बिट. (डिस्कवाले जीबी हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणून तीच डिस्क तिथे ४.३८ दिसते, त्यात फसवणूक काही नाही.) २ तासांत वाटले तर सेकंदाला ५.२ मेगाबिट येतात, ४ तासांत २.६, ६ तासांत १.७. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमाने चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट देता येतात, त्यामुळे एक्सपीत अर्धाच तास भरला तरी क्वालिटी त्याच्या वर जात नाही. आवाजाचा वाटाही याच पोत्यातून जातो. पीसीएम (न दाबलेला आवाज) ठेवला तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो, डॉल्बी डिजिटलमध्ये (दाबलेला आवाज) पाव मेगाबिटात भागतं, म्हणजे एलपीला पीसीएम लावणं हा चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला असला प्रकार होईल.

एलपीबद्दल मात्र एकमत नाही. पालमध्ये (आपल्याकडची टीव्ही पद्धत) पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ चं. काही रेकॉर्डर ४ तासांतही तेवढंच ठेवतात, काही रुंदी अर्धी करून ३५२ बाय ५७६ वर येतात. पहिल्या गटाचं म्हणणं की बारीक तपशील जाऊ नये. पण अडीच मेगाबिटात पूर्ण चित्र मावत नाही, हलणाऱ्या भागात चौकोन पडतात, उलट अर्ध्या रुंदीत ते थोडं मऊ दिसतं पण फुटत नाही. व्हीएचएसवरून कॉपी करायची असेल तर दुसरी पद्धत बरी वाटते, कारण टेपमध्ये आडवा तपशील मुळात २४० रेषांच्या आसपासच असतो. टेपची मुंग्या-मुंग्यांची खरखर हीच खरी बिटखाऊ, एन्कोडरला (चित्र दाबून बिटांत बसवणाऱ्या भागाला) ती तपशीलच वाटते.

मोड कमी पडला की कसं दिसतं ते लग्नाच्या कॅसेटवरून केलेल्या डीव्हीडीत बघावं. एमपीईजी-२ (डीव्हीडीची चित्र दाबायची पद्धत) मागच्या फ्रेममधलं काय कुठे सरकलं एवढंच लिहून जागा वाचवतं. होमापुढे गुरुजी बसलेत तोवर एलपीतही सगळं छान. मंगलाष्टकं संपून अंतरपाट निघाला, चारी बाजूंनी अक्षता पडायला लागल्या आणि वर फोटोग्राफरचे फ्लॅश, की प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमहून वेगळी होते, अंदाज कोसळतो आणि नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर दोन-तीन सेकंद नुसते ठोकळे. नेमका तोच क्षण! कॉम्प्युटरवर दोन फेऱ्यांचं व्हीबीआर (गरजेप्रमाणे बिट कमी-जास्त देणारं) एन्कोडिंग केलं तर पहिल्या फेरीत अशी ठिकाणं हेरली जातात आणि होमातले वाचलेले बिट अक्षतांना देता येतात. रेकॉर्डर चालू प्रक्षेपण घेत असतो, त्याला पुढचं दिसत नाही.

याच्या आधीची व्हीसीडी (साध्या सीडीवरचा व्हिडिओ, १९९३) या भानगडीत पडतच नाही, तिचा दर ठरलेला: चित्र ३५२ बाय २८८, १.१५ मेगाबिट, ७४ मिनिटं. चुका दुरुस्त करायचा जादा डेटा कमी करून ६५० एमबीच्या सीडीत सुमारे ७४० एमबी बसवलेत, म्हणून ओरखडा पडला की अडकते. आपल्याकडे सिनेमा दोन-तीन डिस्कवर यायचा तो यामुळे. आता सीडीवर ७४ च मिनिटं का? बीथोवनची नववी सिम्फनी एका डिस्कवर मावावी म्हणून, असं सांगतात. श्रेय कुणी सोनीच्या नोरिओ ओगांना देतं, कुणी त्यांच्या बायकोला, कुणी ऑर्केस्ट्रा कंडक्टर कारायानला, आणि दुसरा कंडक्टर फुर्टवेंगलरच्या १९५१ च्या बायरॉइटच्या (जर्मनी) ७४ मिनिटांच्या रेकॉर्डिंगचा दाखला येतो. फिलिप्समध्ये सीडीवर काम केलेले केस इमिंक हे मानत नाहीत. त्यांच्या मते फिलिप्सच्या पॉलिग्राम या रेकॉर्ड कंपनीकडे ११.५ सेंटिमीटरच्या डिस्कची तयारी होती, ती आघाडी मोडायला सोनीने १२ चा आग्रह धरला. शिवाय तेव्हाच्या यू-मॅटिक मास्टर टेपवर ७२ मिनिटंच मावायची, म्हणजे ते रेकॉर्डिंग सुरुवातीला तसंही बसलं नसतं. धंद्याचं कारण जास्त पटतं, पण गोष्ट बीथोवनचीच चालते.

दोन थरांची डिस्क ८.५ जीबीची, म्हणजे दुप्पट नाही, १.८ पट, एसपीत साडेतीन तासांच्या वर थोडं. कॅमकॉर्डरच्या ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर १.४ जीबी, एसपीत अर्धा तास. डिस्क आतून बाहेर भरत जाते आणि स्वस्त कोऱ्या डिस्क बाहेरच्या कडेलाच दगा देतात, म्हणून जुने हात ४.३ जीबीच्या वर भरत नाहीत, नाहीतर पाठवणीतच चित्र गोठतं.