पिशवीवरची मोहोर, पाकिटावरची लाख

साताऱ्याच्या कोर्टात मुद्देमालाचं पाकीट पुढं आलं की मुरलेला वकील आतला कोयता नंतर बघतो, आधी लाख बघतो. सील शाबूत आहे का, लेबलावर पंचांच्या सह्या आहेत का. ही नजर इंग्रजांनी आणलेली नाही.

मराठेशाहीत साक्षी-कागदांनी वतनाचा तंटा मिटेना, की गोष्ट रवा दिव्यावर, म्हणजे अंगावर घ्यायच्या परीक्षेवर जाई. दिव्य करणाऱ्याचे हात धुवायचे, नखं काढायची, हात पिशवीत बांधून वर मोहोर. मग उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा. पुन्हा पिशवी, पुन्हा मोहोर. तिसऱ्या दिवशी सभेपुढं हात उघडत. भाजला तर खोटा. पुरावा म्हणून अघोरीच, पण मधल्या वेळात हाताला कुणी लेप लावू नये याची ती काळजी आजच्या काही तपासी अंमलदारांनी घ्यावी अशी आहे.

शिक्षेचं म्हणाल, तर साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यात 'ध'चा 'मा' खरंच झाला की ती आख्यायिका, हे बाजूला ठेवू. पण शास्त्रीबुवांनी राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं.

1872 च्या पुरावा कायद्यानं पोलिसापुढचा कबुलीजबाब बाद केला, मात्र कलम 27 ची फट ठेवली: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढं बोलणं चालतं. तेव्हापासून उसाच्या फडातून, विहिरीतून हत्यारं निघतात आणि दोन पंच सह्या करतात. पुढं साक्षीला उभा राहिलेला पंच म्हणतो, "सही माझी, मजकूर वाचला नव्हता." तो फितूर की खरं बोलणारा, हे ठरवणं अवघड.

1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. चित्रफितीसोबतच्या प्रमाणपत्रात हॅशचा आकडा, म्हणजे फाईल जराही बदलली की बदलणारी तिची खूण, लिहावा लागतो. लाखेचंच काम, फक्त आकड्यांत.

फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच, हे 1980 मध्ये बच्चनसिंग निकालात ठरलं. तरीही नाशिककडच्या एका खटल्यात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भटक्या जमातीतल्या सहाही जणांना फाशी ठरवली. 2019 मध्ये त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई दिली. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांकडं बोट दाखवलं होतं.