टाकीतले पाणी आटले की खारे पाणी भरायचे नसते

नागपुरात समुद्री मासे पाळण्यासाठी खाऱ्या पाण्याची पहिली काचेची टाकी मांडणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा, की पाणी समुद्राचे असल्यामुळे आटलेली जागा मिठाच्या पाण्यानेच भरून काढावी. हा समज चुकीचा आहे. वाफ होते ती केवळ पाण्याची. मीठ टाकीतच राहते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या १०० लिटर पाण्यातून १० लिटर आटले आणि तेवढेच खारे पाणी ओतले, तर प्रमाण ३८.५ ग्रॅमवर जाते, आणि पुन्हा एकदा तसेच केले की ४२ ग्रॅमवर. मासे हे काही काळ सोसतीलही, कोळंबी आणि प्रवाळ इतके सोशिक नसतात. म्हणून काचेवर पातळीची खूण करून रोज आरओचे, क्षार जवळजवळ काढून टाकलेले गोडे पाणी खुणेपर्यंत भरावे. खारे पाणी लागते ते ठरावीक काळाने पाणी बदलताना. झाकणाच्या कडेला पांढरी पापडी धरते, तेवढे मीठ खरोखरच कमी होते, पण ते किरकोळ. मे महिन्यात, पारा ४५ अंशांजवळ असताना, टाकीवर पंखा लावणाऱ्यांना तर गोड्या पाण्याची ही भर रोज घालावीच लागते, कारण पंखा पाणी थंड करतो तो बाष्पीभवन वाढवूनच. त्याच खोलीत कूलर चालू असला, तर दमट हवेमुळे पंख्याचा उपयोगही बराच कमी होतो.