बाहेरून दिसणारी समाधी

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, समाधीत स्थिर झालेला माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? प्रश्न डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. श्रीकृष्ण मात्र कामना, राग, भय, इंद्रियांचा आवर असे सगळे आतलेच सांगतात.

मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात हाच पेच एका माणसाच्या अंगाशी येतो. संजीव नावाचे भिक्खू झाडाखाली निरोधसमापत्तीत, म्हणजे संज्ञा आणि वेदना थांबलेल्या ध्यानावस्थेत, बसलेले असतात. गुराखी आणि शेतकरी पाहतात, तर काहीच हालचाल नाही. बसल्या जागीच गेले असे समजून ते गवत, लाकडे, शेण रचून अग्नी देतात. सकाळी संजीव उठतात, चीवर (भिक्खूचे वस्त्र) झटकतात आणि भिक्षेला निघतात. त्याच ग्रंथात मृत आणि निरोधस्थ यांतला फरकही दिला आहे : निरोधस्थाचे आयुष्य संपलेले नसते, अंगातली ऊब गेलेली नसते, इंद्रिये प्रसन्न असतात. यातली ऊब तेवढी कुणालाही हात लावून कळली असती, आणि गुराख्यांनी तोच लावला नाही.

यंत्रे आली ती फार उशिरा. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. 1935 मध्ये फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रोस हृदयालेखाचे यंत्र घेऊन भारतात आल्या. योगी हृदय जवळजवळ थांबवू शकतात, असे त्यांना आलेखांवरून वाटले. 1957 मध्ये वेंगर आणि बागची या संशोधकांनी हा दावा पुन्हा तपासला. मनगटाची नाडी लागेनाशी होई, पण आलेखात ठोके चालूच असत. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि मनगटाची नाडी क्षीण होते. ही क्रिया कौशल्याची खरीच, पण तिला समाधी म्हणणे मला पटत नाही.

खरा गुंता मेंदूच्या आलेखांनी समोर आणला. 1950च्या दशकात दास आणि गास्तो या संशोधकांना निश्चल बसलेल्या योग्यांच्या मेंदूत जलद, जोरकस लहरी दिसल्या. 1961 मध्ये दिल्लीत आनंद, छिना आणि सिंग या संशोधकांना संथ अल्फा लहरी मिळाल्या. मोठ्या आवाजानेही त्या मोडत नव्हत्या, आणि दोन योग्यांनी 4 अंशांच्या पाण्यात पाऊण तास हात ठेवला तरी टिकून होत्या. बाहेरून सगळ्यांचे आसन सारखेच स्थिर. एकाच्या आत वादळ, दुसऱ्याच्या आत संथ पाणी, आणि दोघांनाही आपण समाधी हेच नाव दिले होते.