पापाकाइंगा

न्यूझीलंडमध्ये माओरींच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, सामाईक जमिनीवर वसलेली भावकीची वस्ती. माओरी भाषेत जमीन आणि बाळाची वार या दोन्हींना एकच शब्द आहे, 'फेनुआ'. वार पूर्वजांच्या जमिनीत पुरण्याची चाल आजही आहे.

पूर्वी जमीन 'हापू'ची, म्हणजे भावकीची असे, एकट्याची नव्हे. 1865 च्या कायद्याने नेटिव्ह लँड कोर्ट आले आणि जमिनी नावावर चढू लागल्या. 5,000 एकरांखालच्या तुकड्यावर नावे मात्र जास्तीत जास्त दहा. बाकीची भावकी कागदावरून उडाली आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना खरेदी सोपी झाली. कायद्याचा हेतूही तोच होता. पुढे वारसाने हिस्से फुटत गेले. आज उरलेल्या सुमारे 14 लाख हेक्टरांत एकेका तुकड्याला शेकडो, कुठे हजारो मालक सापडतात. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची रांग पाहिलेल्याला हे नवल वाटणार नाही. फरक एवढाच की, 1993 च्या कायद्याने ही जमीन बाहेर जाऊ नये म्हणून विक्री आणि वाटप मुद्दाम अवघड केले आहे.

अशा जमिनीवर घर बांधायचे तर माओरी लँड कोर्टाचा (नेटिव्ह लँड कोर्टाचे आजचे नाव) राहण्याचा आदेश किंवा जमिनीच्या विश्वस्तांचा परवाना लागतो. सहहिस्सेदारांचे मत घ्यावे लागते, आणि त्यातले बरेचसे ऑकलंडात नाहीतर ऑस्ट्रेलियात असतात. शिवाय नगररचनेचे नियम आहेतच.

खरी अडचण कर्जाची. जमीन सहजासहजी विकता येत नाही, म्हणून बँक ती गहाण धरत नाही. यावर 2010 मध्ये 'काइंगा फेनुआ' कर्ज निघाले. त्यात सरकारची हमी असते आणि तारण फक्त घर. म्हणून अटी विचित्र: घर एकमजली हवे, जमिनीत रोवलेल्या खुंटांवर उभे हवे, दारापर्यंत धड रस्ता हवा. हप्ते थकले तर जमिनीला हात न लावता घरच ट्रकवर चढवून नेता यावे! तिथली लाकडी घरे अशी हलवतातही. पण बँकेने उचलून नेण्याजोगे घर बांधा म्हणजे तुम्ही घरमालक, हे सांगणे कितीही व्यवहारी असले तरी वार पुरलेल्या जमिनीवर ते खटकतेच.

ऑकलंडच्या ओराकेईत न्गाती फातुआ भावकीने वेगळी वाट काढली. 1977-78 मध्ये याच लोकांनी तिथल्या बॅस्टियन पॉइंटवर आपल्या जमिनीसाठी 506 दिवस ठाण मांडले होते. आता त्यांनी स्वतःच घरे बांधून आपल्याच माणसांना लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली आहेत. जमीन भावकीकडेच राहते.