पहिले दहा व्होल्ट वगळा!

तापाचा काचेचा थर्मामीटर ३५ अंशांपासून सुरू होतो. शून्यापासून आकडे छापले असते, तर ३७ आणि ३८मधला फरक डोळे फाडूनही दिसला नसता. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं असंच आहे. भरलेली, निवांत बॅटरी साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली १२.२, आणि ११.८ म्हणजे खडखडाट. ० ते १५ व्होल्टच्या, ५० रेघांच्या काट्याच्या मीटरवर भरलेली आणि निम्मी यांच्यात दोन रेघाही पडत नाहीत.

सोपा उपाय म्हणजे १ मिलिअँपिअरच्या मीटरला सिरीजमध्ये १० व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) आणि साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर. झेनर दहा व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, उरलेल्या पाचांवर काटा तबकडीभर फिरतो. एक रेघ आता ०.१ व्होल्टची.

असा मीटर मी सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या गारठ्यात जुळवला. मे महिन्यात सोलापुरी उन्हानं पत्र्याची खोली भट्टी झाली आणि तो ०.२ व्होल्ट कमी दाखवू लागला. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर पाजलं, टर्मिनल घासले. बिचारीचा काही दोष नव्हता!

दोष झेनरचा. दहा व्होल्टच्या झेनरमध्ये वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन धडका देऊन आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात. उष्णतेनं अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉन वेग घेण्याआधीच अडखळतो, मग जास्त व्होल्टेज लागतं: अंशामागे सहा-सात मिलिव्होल्ट. कमी व्होल्टच्या झेनरमध्ये इलेक्ट्रॉन अडथळ्यातून बोगदा काढल्यासारखे आरपार जातात, आणि उष्णतेनं ते उलट सोपं होतं. पाच व्होल्टच्या आसपास हे दोन्ही परिणाम जवळपास फिटतात. म्हणून आपल्याकडे ५.१ व्होल्टचाच झेनर घ्यावा.

तो ४७० ओहममधून बॅटरीवर जोडा. म्हणजे त्यातून कायम निदान दहाएक मिलिअँपिअर वाहतात आणि तो ढिला पडत नाही. शेजारी बॅटरीवरच एका ओळीत १ किलोओहमचे दोन रेझिस्टर, मध्ये २०० ओहमचा प्रीसेट (फिरवून जुळवायचा तीन पायांचा रेझिस्टर). ही ओळ बॅटरीचं व्होल्टेज साधारण निम्मं करते, म्हणून दहाऐवजी पाचचा झेनर पुरतो. मीटरचं धन टोक प्रीसेटच्या मधल्या पायाला, ऋण टोक झेनरच्या वरच्या टोकाला. मीटरच्या ओळीत दीड किलोओहम आणि १ किलोओहमचा दुसरा प्रीसेट. डिजिटल मल्टिमीटर लावून पहिल्या प्रीसेटनं १० व्होल्टला काटा शून्यावर आणा, दुसऱ्यानं १५ला शेवटच्या रेघेवर. एकदा फिरवून भागत नाही, दोन-तीनदा आलटून-पालटून करावं लागतं.

आणि बॅटरीकडून येणाऱ्या तारेत पुश बटण विसरू नका, दाबलं तरच मीटर चालू. नाहीतर हे सर्किटच वीस-पंचवीस मिलिअँपिअर पीत बसेल.