सूर्यनमस्कार (औंध पद्धत)

दहा स्थितींचा, श्वासाच्या लयीत मोजून घालायचा व्यायाम. त्याला आजचे रूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानात (आता सातारा जिल्हा) मिळाले. सूर्याला नमस्कार घालण्याची चाल त्याहून बरीच जुनी. तृचाकल्प नमस्कारांत ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील तीन ऋचा म्हणत साष्टांग नमस्कार घालतात. हठयोगात मात्र त्याला स्थान नव्हते. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथावरील ‘ज्योत्स्ना’ टीकेत फार सूर्यनमस्कार हा कायाक्लेश (शरीराला दिलेला त्रास) मानून साधकाला वर्ज्य सांगितला आहे.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) आधी युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीचा व्यायाम करत. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांचे पाहून ते नमस्कारांकडे वळले आणि पुढे संस्थानच्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. १९२८ मध्ये त्यांचे यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. म्हैसूरच्या राजवाड्यात १९३० च्या दशकात नमस्कारांचा वर्ग योगशाळेहून वेगळा चाले. नमस्कार योगासनांत मिसळले ते हळूहळू.

क्रम असा: उभे राहून हात जोडणे, श्वास सोडत वाकून तळवे पावलांशेजारी, श्वास घेत एक पाय मागे, श्वास सोडत दुसराही मागे, कंबर वर, श्वास रोखून साष्टांग, श्वास घेत छाती वर, मग उलट क्रमाने परत. साष्टांगात पावले, गुडघे, तळवे, छाती आणि कपाळ एवढेच जमिनीला लागते, पोट नाही. सध्याच्या बारा स्थितींत सुरुवातीला व शेवटी हात वर नेऊन मागे झुकणे वाढवले आहे.

तळवे एकदा टेकले की उठेपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. बहुतेकांचे इथेच बिघडते. परतताना पाऊल हातांमध्ये पोहोचत नाही, मग तळवे मागे ओढले जातात. कारण बहुधा एकच: कंबर पुरेशी न उचलता पाय ओढणे. छाती उचलताना खांदे कानांना भिडले, की सगळा बाक कंबरेच्या खालच्या भागात येतो आणि तिथेच दुखू लागते. पाय आलटून पालटून मागे न्यावा, नाहीतर एकच बाजू ताणली जाते.

बाळासाहेब रोज ३०० नमस्कार घालत. नवख्याने ५–६ पासून सुरुवात करावी. तोंडाने श्वास घ्यावा लागला की तिथेच थांबावे. रथसप्तमीच्या स्पर्धांत आकडा गाठण्याच्या घाईत आधी साष्टांग गळतो आणि उरतात ते नुसते जोर. हर्निया, वाढलेला रक्तदाब किंवा पाठीच्या मणक्याची दुखापत असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत.